बसायचं कुठं?

गेल्या पावसाळ्यात परभणीत कॉलेजच्या मुलींचं दोन दिवसांचं शिबिर घेतलं. विषय नेहमीचेच होते: शरीराची ओळख, कायदे, हुंडा, छेडछाड. शेवटी नेहमीप्रमाणे नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकायला सांगितल्या. पाळी, पांढरं जाणं, घरी शिकू देत नाहीत, असं सगळं आलं. मग एक चिठ्ठी निघाली: ‘ताई, मित्राला भेटायचं असेल तर गावाबाहेरचा चांगला बार कसा ओळखायचा?’

मुली फिसकन हसल्या. आमच्यातल्या एका जुन्या कार्यकर्तीनं चिठ्ठीची घडी घालून पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, ‘हा काय प्रश्न झाला?’ वेळ संपली होती, जिंतूरच्या मुलींना गाडी गाठायची होती. प्रश्न तिथंच राहिला. मैत्रिणींनो, त्या चिठ्ठीला उशिरानं दिलेलं हे उत्तर आहे. पण भांडण त्या मुलीशी नाही, आपल्या पर्समधल्या त्या घडीशी आहे.

आधी भाषा पाहा. पुरुष पुरुषाला म्हणतो, ‘आज बसायचं का?’ कशासाठी, कुठं, हे सांगावं लागत नाही. बाईचं बसणं मात्र वेगळं. ती ‘बाहेर बसली’ म्हणजे पाळी आली. ‘घरी बसली’ म्हणजे शाळा सुटली, नोकरी गेली किंवा नवऱ्यानं टाकली. ‘धंद्याला बसली’ म्हणजे काय ते सगळ्यांनाच माहीत. नुसतीच बसली, पाय सैल सोडून, समोर आवडणारा माणूस आणि हातात पेला घेऊन, गप्पा मारत बसली, यासाठी आपल्या भाषेत शब्द नाही. मुली त्याला ‘डेट’ म्हणतात. आपण हसतो. आपल्याकडे तारीख म्हणजे कोर्टाची, पोटगीच्या खटल्यातली.

चिठ्ठीचं उत्तर द्यायचं तर आधी जाऊन बघावं, म्हणून आम्ही चौघी एका संध्याकाळी पाच वाजता वसमत रोडवरच्या एका बारमध्ये गेलो. चौघींचीही चाळिशी उलटलेली, दोघी साडीत. अंगणात झाडाखाली टेबलं मांडली होती, दिव्यांच्या माळा होत्या, तीन टेबलांवर पुरुष बसले होते. आम्ही चौथ्यावर बसलो. पोऱ्या आला आणि हळूच म्हणाला, ‘मॅडम, सोबत कुणी जेन्ट्स येणारेत का?’ नाही म्हटल्यावर म्हणाला, ‘मग तिकडं फॅमिलीत बसा.’ आम्ही म्हटलं, इथंच बरं आहे. तीन लिंबू सोडा आणि एक बिअर सांगितली. पाच मिनिटांत मॅनेजर स्वतः आले, हात जोडून उभे. ‘मॅडम, तुम्ही उत्पादन शुल्कवाल्या का? का दारूबंदीवाल्या? आपले कागद सगळे क्लिअर आहेत.’

आम्ही खूप हसलो. परतताना मात्र हसू येईना. बार चालवणाऱ्या माणसाला टेबलावर बसलेली बाई दोनच रूपांत ओळखू येते: धाड घालणारी किंवा मोर्चा आणणारी. ती गिऱ्हाईक असू शकते हे त्याच्या हिशोबातच नाही. आणि खरं सांगायचं तर आपल्या हिशोबात तरी कुठं आहे?

ते ‘फॅमिलीत बसा’ही सोडून देण्यासारखं नाही. हायवेवरच्या निम्म्या पाट्या ‘फॅमिली रेस्टॉरंट अँड बार’ अशा असतात. आपल्याकडे पुरुष बायकोलाच ‘फॅमिली’ म्हणतात. ‘फॅमिलीला माहेरी सोडून आलो,’ असं. तेव्हा फॅमिली रूम म्हणजे कुणाच्या तरी फॅमिलीची खोली. आम्ही ती बघितली. प्लायवूडच्या फळ्या मारून केलेले चार कप्पे, प्रत्येकाला जाड पडदा, आत एक मिणमिणता दिवा आणि घंटीचं बटण. बाहेर झाड, वारा, गप्पा. आत कोंदट वास. बाईला आदर म्हणून वेगळी जागा दिली आहे म्हणे. बाजेखाली लपवलेल्या बाटलीलाही असाच आदर मिळतो.

चिठ्ठीतली मुलगी गेली तर तिलाही त्या पडद्याआडच पाठवणार. खरा पेच इथून सुरू होतो, आणि तो आपण कधी नीट मांडलेला नाही. मुलीला भेटीची जागा हवी असते ती दोन भीतींपासून सुरक्षित. एक भीती समोरच्या माणसाची: नवखा आहे, उद्या हात धरेल, पेल्यात काही टाकेल, नाही म्हटलं तर चिडेल. यावर उपाय म्हणजे उजेड, चार माणसं आणि मोकळी वाट. दुसरी भीती गावाची: मामाचा मित्र बघेल, वर्गातला पोरगा फोटो काढेल, रात्री घरी फोन जाईल. यावर उपाय म्हणजे अंधार, पडदा आणि गावापासून लांब. आता या दोन्ही भीतींना पुरेल अशी एक खुर्ची सांगा. उजेडात बसावं तर गाव बघतं, अंधारात बसावं तर तो बघून घेतो. शिबिरातलीच एक मुलगी नंतर म्हणाली, ‘कृषी विद्यापीठाच्या रोडवर चालत राहिलं तर कुणी काही म्हणत नाही ताई. पण टेकलं की लगेच, लोकं बघायलेत नं.’

आणि गाव बघतं म्हणजे नुसतं बघत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. जवळजवळ निम्म्या. याची कारणं सांगताना आपण गरिबी सांगतो, ऊसतोड सांगतो, हुंडा सांगतो. ती खरीच आहेत. पण गावोगाव बैठका घेणाऱ्या प्रत्येकीनं आणखी एक वाक्य ऐकलेलं आहे: ‘काही वेडंवाकडं व्हायच्या आत उजवून टाकलेली बरी.’ हे वेडंवाकडं म्हणजे काय? मुलगी कुणाशी तरी बोलताना, बसताना दिसली हेच. एका खुर्चीची भीती अशी लग्नाच्या मांडवापर्यंत जाते. त्यात कायद्याचा विनोद असा की अठरा पूर्ण झाल्या दिवशी तिला नवरा करता येतो, पण महाराष्ट्रात त्याच्यासोबत बिअर प्यायची तर एकवीस पूर्ण हवेत, आणि व्हिस्कीसाठी पंचवीस. माणूस निवडायला अठरा, पेला निवडायला पंचवीस! ती माणूस निवडतच नाही, तो तिच्यासाठी निवडला जातो, हे त्या कायद्याला बहुधा ठाऊक असावं.

मुलगा दुसऱ्या जातीचा असेल तर प्रश्न फक्त अब्रूचा राहत नाही. २८ एप्रिल २०१४ ला नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात नितीन आगे या शाळकरी दलित मुलाचा खून झाला. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलत होता, एवढ्या संशयावरून मारल्याचा आरोप होता. २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. तो कुठल्या बारमध्ये बसला नव्हता. धर्माचं म्हणाल तर डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारनं आंतरधर्मीय लग्नांवर लक्ष ठेवणारी समितीच नेमली. शहराच्या कडेला, जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही अशी दोन खुर्च्यांची जागा शोधणं म्हणजे थेर, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे आठवावं. शहरात तरी काय? ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांवर पोलिसांनी धाड घातली आणि चाळीसेक जोडप्यांना उचललं. लावलेलं कलम होतं सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाचं. बंद खोलीत! आणि मंगळूरला जानेवारी २००९ मध्ये दिवसाढवळ्या पबमध्ये शिरून मुलींना मारहाण झाली, तीही कॅमेऱ्यासमोर.

आता आपल्याकडे वळते, कारण बाहेरच्यांना शिव्या देणं सोपं असतं.

दारूविरुद्धचा लढा ही आपल्या चळवळीची कमाई आहे. सत्तरच्या दशकात शहाद्याच्या आदिवासी बायकांनी दारूची मडकी फोडली. १९९२ साली आंध्रात नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंट्याच्या बायकांनी अरकाचं दुकान बंद पाडलं, १९९३ मध्ये गडचिरोलीत जिल्हाभर दारूबंदी झाली. मीही घोषणा देत चालले आहे. सोयाबीनचे पैसे हातात आले की नवरा गुत्त्यावर आणि लेकरं उपाशी, हे मी शेजारच्या घरात बघितलेलं आहे. त्यातलं एक अक्षरही मागं घेत नाही. पण या लढ्यात आपण बारच्या दारात कायम दोनच बायका उभ्या केल्या. एक दाराबाहेर, कडेवर लेकरू, नवऱ्याला शोधणारी. दुसरी दाराच्या आत, नाचणारी. २००५ मध्ये सरकारनं डान्सबार बंद केले तेव्हा या दुसरीवरून आपल्यात केवढे वाद झाले! काही संघटना म्हणाल्या, हे शोषण बंद झालंच पाहिजे. काही म्हणाल्या, तिची रोजीरोटी हिरावू नका. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी चुकीची ठरवली, त्यानंतरही वाद राहिला. वाद चांगलाच होता. पण त्यात तिसरी बाई कुठंच नव्हती: आपले पैसे देऊन, खुर्ची ओढून बसणारी.

सरकारलाही ती नकोच आहे. २००८च्या आदेशानं आपल्याला आडव्या बाटलीचा हक्क दिला, वॉर्डातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. हक्क मोलाचा आहे, तो वापरलाच पाहिजे. पण बाई आणि बाटली यांचं एवढं एकच नातं सरकारदरबारी मान्य आहे. खरं तर दारूच्या परवान्यावर बाई-पुरुष असा भेद कुठंच नाही. भेद आहे तो पोऱ्याच्या ‘जेन्ट्स येणारेत का’मध्ये. आणि आपल्या चिठ्ठीच्या घडीमध्ये.

‘दारूला प्रतिष्ठा द्यायला निघालीस,’ असं आमच्या बैठकीत मला ऐकवलं गेलं. दारूला प्रतिष्ठेची गरज नाही बाई, ती पुरुषांनी केव्हाच दिली आहे. आमदाराच्या पार्टीपासून पोळ्याच्या रात्रीपर्यंत. मुलीनं तिथं चहा प्यावा, सोडा प्यावा, बिअर प्यावी किंवा काहीच पिऊ नये. कित्येक जणींना पिणाऱ्या बापाच्या वासानंच मळमळतं, त्यांनी उसळ-पावाचं हॉटेल निवडावं. तिथंही हाच ‘फॅमिली’चा कप्पा आणि हाच पडदा भेटतो. बार नुसता बंद करून जागा मिळते असंही नाही. चंद्रपुरात २०१५ साली दारू बंद झाली, २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. बंद असताना किंवा उघडल्यावर, तिथल्या मुलींनी संध्याकाळी कुठं बसायचं हे कुणी त्यांना विचारलं का? ‘व्हाय लॉइटर?’ हे मुंबईच्या संशोधक मैत्रिणींचं पुस्तक २०११ मध्ये आलं. बाईला काही काम नसतानाही रस्त्यावर असण्याचा हक्क आहे, असं त्यांनी मांडलं. आपण ते शिबिरात शिकवतो. मात्र परभणीच्या मुलीनं तोच हक्क वसमत रोडवर मागितला की आपल्याला तो मुंबईचा वाटायला लागतो.

तेव्हा पोरी, तुझं उत्तर. जागा तू निवड, त्याला निवडू देऊ नको. ‘मला एक मस्त जागा माहितीये’ म्हणणाऱ्याला म्हण, मलाही माहितीये. आदल्या आठवड्यात मैत्रिणीला घेऊन दिवसा जाऊन ये. पडद्याचा कप्पा असेल तर नको, कितीही गारवा असो. गल्ल्यावरून टेबल दिसलं पाहिजे आणि टेबलावरून दार. संडास आहे का, त्याला आतून कडी आहे का, दिवा आहे का, हे आधी बघ. पुरुषांच्या मुतारीतून वाट काढत जावं लागत असेल तर ती जागा तुझ्यासाठी बांधलेलीच नाही. तिथं बाई काम करते का बघ, स्वयंपाकघरात नव्हे, समोर. बाटली तुझ्यासमोर उघडली जावी. तुझे पैसे तुझ्या पर्समध्ये असावेत, परतीच्या गाडीइतके वेगळे. मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, पण गावची मुक्कामी गाडी बिल येईपर्यंत थांबत नाही. घड्याळ बघून बस. कुठं आहेस हे एका मैत्रिणीला माहीत असू दे. आणि दोन घोट घेतलेस म्हणून तू कशालाच हो म्हटलेलं नाहीस. नशेत काय चाललंय ते कळत नसताना दिलेली संमती कायदा संमती मानत नाही. जुन्या ३७५ कलमात हे होतं, जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या ६३ कलमातही आहे.

एवढं सगळं बघून बस, असं सांगताना माझीच मला लाज वाटते. मुलाला यातलं काहीच बघावं लागत नाही. तो जातो आणि बसतो. म्हणून निम्मं उत्तर तिच्याकडे नाही, आपल्याकडे आहे. मुंबईत बायकांच्या मुताऱ्यांचा प्रश्न ‘राइट टू पी’ म्हणून संघटनांनी २०११ पासून लावून धरला तेव्हाही लोक हसले होते. आपण महिन्यातून एकदा पाच-सहा जणी वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन अंगणातल्या टेबलावर बसू शकतो. पडदे काढा म्हणू शकतो. एका टेबलावर साडीतल्या बायका गप्पा मारत बसलेल्या असल्या की शेजारच्या टेबलावरची मुलगी तेवढी उठून दिसत नाही. तिच्या दोन्ही भीतींवर मला आत्ता सुचणारा उपाय हा एवढाच आहे.

त्या बारमध्ये आम्ही नंतर दोनदा गेलो. पोऱ्या आता जेन्ट्सचं विचारत नाही. पडदे अजून आहेत. मालक म्हणतात, गिऱ्हाइकं मागतात. संडासाला मात्र आतून कडी बसवून घेतली आहे आणि दिवा लावला आहे. पुढच्या महिन्यात तो दिवा लागतो का, हे बघायला जाणार आहोत. चिठ्ठीवाली मुलगी हे वाचत असेल तर तिनंही यावं, मित्राला घेऊन किंवा एकटीनं.