‘अधीन राहून’ची भाषा

इंग्रजी बोलणारा सुशिक्षित मनुष्य निरपवाद विधान सहसा करीत नाही. ‘माझ्या समजुतीप्रमाणे’, ‘काही अंशी’, ‘विपरीत काही घडले नाही तर’ अशी कुंपणे घालूनच त्याचे वाक्य बाहेर पडते. ही सवय मुळात वाईट नव्हे. शास्त्रज्ञाला ती शोभते, संभाषणात ती सौजन्य ठरते. अनर्थ होतो तो हे कुंपण सत्तेच्या हाती आल्यावर. मग वचन ऐकणाऱ्याच्या पदरात पडते आणि अट बोलणाऱ्याच्या मुठीत राहते.

हिंदुस्थानने हे भोगले आहे. १८५८ च्या जाहीरनाम्यात व्हिक्टोरिया राणीने वंश वा धर्म न पाहता सरकारी नोकऱ्यांची दारे प्रजेला खुली करण्याचे अभिवचन दिले. पण त्यात ‘जेथवर शक्य असेल तेथवर’ अशा अर्थाची छोटीशी पुस्ती होती. शक्य काय, हे ठरवणार राज्यकर्तेच! सनदी सेवेची परीक्षा १९२२ पर्यंत केवळ लंडनमध्येच होत राहिली. १८७० च्या दशकात उमेदवारांची कमाल वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणली गेली. वचन मोडले नाही आणि पाळलेही नाही. १९१७ च्या माँटेग्यू घोषणेतही जबाबदार राज्यपद्धतीचे आश्वासन होते. मात्र प्रत्येक पावलाची वेळ आणि माप ठरवण्याचा अधिकार ब्रिटिश सरकारने स्वतःकडेच ठेवला होता.

इंग्रज गेला, पण त्याच्या वाक्याचा कणा येथेच राहिला. ‘च्या अधीन राहून’, ‘शक्यतोवर’, ‘विहित केल्याप्रमाणे’ ही शासकीय मराठी शब्दांनी मराठी आणि रचनेने इंग्रजी आहे. १९६४ च्या कायद्याने मराठी राजभाषा झाली. त्यापाठोपाठ १९६६ मध्ये ‘वर्जित प्रयोजनां’चे नियमही आले.

या भाषेचा हिशेब नवी मुंबईइतका स्पष्ट क्वचितच कोठे दिसेल. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्यात आल्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली भूमिपुत्र उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. त्या रक्ताच्या किमतीवर साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. आजही आगरी-कोळी घराघरांत ‘साडेबारा टक्के’ हाच शब्द आहे. परंतु त्यातून सामाजिक सुविधांसाठी ३० टक्के, म्हणजे मूळ जमिनीच्या ३.७५ टक्के, वजा होतात. हाती उरतात ८.७५ टक्के. तेही मालकीने नव्हे, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने! शाळा, उद्याने हवीत, याविषयी वाद नाही. वाद इतकाच की, जे ८.७५ आहे त्याला साडेबारा का म्हणावे?

वाशी-नेरुळच्या मध्यमवर्गीयाची स्थिती फारशी निराळी नाही. आयुष्याची पुंजी घालून तो ‘स्वतःचे घर’ घेतो. खालची जमीन मात्र पट्ट्याची असते. जाहिरातीतील टोलेजंग आकड्यावर इवलीशी चांदणी असते आणि पानाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरांत ‘अटी लागू’. ‘सुपर बिल्टअप’च्या नावाखाली जिना आणि लॉबीही वर्षानुवर्षे घराच्या क्षेत्रफळात मोजली गेली. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने चटई क्षेत्र सांगणे बंधनकारक केले. धाक असला की वाक्य सरळ होते, याचा हा पुरावा.

यावर काही विद्वान म्हणतील, काटेकोर मर्यादा घालणे इंग्रजीनेच शिकवले. देशी भाषा भाबड्या आहेत. हे अज्ञान आहे. पाणिनीचे व्याकरण सामान्य नियम आणि अपवाद यांच्या चौकटीवर उभे आहे. जैन दर्शनातील ‘स्यात्’ प्रत्येक विधानाला दृष्टिकोनाची मर्यादा घालते. न्यायशास्त्र ‘उपाधी’ शिकवते: जेथे अग्नी तेथे धूर, हे विधान ओल्या सरपणाची उपाधी असल्यावाचून टिकत नाही. मराठीचे क्रियापदही ‘आहे’, ‘असेल’ आणि ‘असावे’ यांतील अंतर नेमके जाणते.

दोन्हींतील भेद उघड आहे. नैयायिक उपाधी शोधून चव्हाट्यावर मांडतो. कंत्राटाचा लेखक ती तळटिपेत दडवतो. एकाची अट सत्यासाठी असते, दुसऱ्याची पळवाटेसाठी.

म्हणून मागणी अटी काढून टाकण्याची नाही. अट वचनाच्याच ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरांत आणि समजेल अशा मराठीत लिहिली जावी. अट पूर्ण झाली की नाही, हे वचन देणाऱ्याने एकट्याने ठरवू नये. नागरिकांनीही सही करण्यापूर्वी ‘कशाच्या अधीन राहून?’ हा एकच प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. ज्या समाजाला हा प्रश्न विचारता येतो, तो कोणाच्याही अधीन राहत नाही.