क्रमांक म्हणजे आकडा नव्हे!

आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांचे आणि आकड्यांचे हाडवैर, असा सर्वमान्य समज आहे. तरीही एक्सेलच्या तक्त्यांबाबत माझे एक ठाम मत झाले आहे व ते मांडण्याचे धाडस मी करीत आहे. ज्याची बेरीज-वजाबाकी कधीच करायची नसते, तो आकडा नव्हे; ते नाव होय.

हे मत अनुभवाने बनले. शिष्यवृत्तीची यादी करण्यासाठी मी एका कार्यालयात मदतीला बसलो होतो. एका तक्त्यात विद्यार्थ्यांचे क्रमांक, दुसऱ्यात क्रमांकानुसार बँकखाती. दोहोंचा मेळ घालणारा मॅक्रो कोणीतरी पूर्वीच लिहून ठेवलेला. कळ दाबली, यादी तयार, सारे खूश! पण लागोपाठच्या दोन मुलींपुढे एकच खाते पाहून मी चमकलो.

कारण शोधता शोधता संध्याकाळ झाली. एकीकडे क्रमांक '०४१७' असा मजकूर म्हणून होता. दुसरीकडे आरंभीचे शून्य गळून नुसता ४१७ हा आकडा उरला होता. माणसाला दोन्ही एकच, पण व्हीलुकअपच्या लेखी मजकूर आणि आकडा या दोन वेगळ्या जाती. जुळणी न झाल्यास मॅक्रो १००४ क्रमांकाची चूक दाखवून थांबायला हवा होता. परंतु त्यात वरच 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' ही ओळ होती. म्हणजे चुकलास तरी गप्प राहा आणि पुढे चल! मग चलात उरलेले आधीच्या मुलीचे खाते पुढचीच्या नावे लिहिले जाई.

आम्ही ती ओळ काढली. दोन्हीकडचे क्रमांक चार अंकी मजकूर केले. व्हीलुकअपच्या चौथ्या जागी 'फॉल्स' लिहून तंतोतंत जुळणीच मागितली. ॲप्लिकेशनच्या व्हीलुकअपचे उत्तर व्हेरिअंट चलात घेऊन ते इजएररने तपासले आणि न सापडलेल्यांची यादी निराळी काढली.

या बाबतीत थोरामोठ्यांचीही फजिती झाली आहे. 'मार्च१', 'सेप्ट२' अशा जनुकनामांच्या एक्सेल तारखा करून टाकी. अखेर मानवी जनुकांचे नामकरण करणाऱ्या समितीने अशी नावेच बदलली व २०२० साली तसे जाहीर केले!

मला वाटते, चूक दाखवणारे यंत्र प्रामाणिक असते. त्याचे तोंड दाबणारे आपणच. हजेरीत 'गैरहजर' लिहिण्यात कमीपणा कसला? गैरहजर मुलीच्या जागी शेजारणीची हजेरी मांडणे, हा मात्र अपराध आहे. त्या दिवशी माझे लक्ष गेले नसते, तर एका मुलीची फी दुसरीच्या खात्यात गेली असती आणि यादी मात्र निर्दोष दिसली असती!