०.५० विरुद्ध ०.२५ : आकडा दाखवून आम्हाला गप्प बसवता येणार नाही

आरक्षणाचा विषय निघाला की हल्ली कुणीतरी सहसंबंध गुणांक फेकतो. "प्रवेश परीक्षेचे गुण आणि पुढचा निकाल यांचा सहसंबंध खुल्या गटात ०.५०, राखीव गटात फक्त ०.२५. पहिला सार्थक, दुसरा नाही. संपला विषय!" आणि आपली शिकलेली पोरं गप्प बसतात. आम्हाला त्या आकड्याचा राग नाही, या गप्प बसण्याचा आहे.

हे आकडे उदाहरणापुरते घेऊ. समजा, दोन्ही गटांत ५३-५३ विद्यार्थी आहेत. एक गुणांक सार्थक आणि दुसरा नाही, म्हणजे दोघांतला फरक सिद्ध झाला, असे होत नाही. फरकाची चाचणी वेगळी करावी लागते. फिशरच्या झेड रूपांतराने ०.५० चे ०.५४९ होते आणि ०.२५ चे ०.२५५. फरक ०.२९४. या फरकाची प्रमाण त्रुटी काढायला १/५० आणि १/५० यांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचे (५३ मधून ३ वजा म्हणून ५०). उत्तर ०.२०. भागाकार येतो १.४७. पाच टक्के पातळीवर किमान १.९६ हवा. फरक सिद्ध झालाच नाही!

तेच गुणांक २०३-२०३ विद्यार्थ्यांवर मिळाले असते तर भागाकार २.९४ आला असता आणि फरक मान्य करावा लागला असता. आम्ही तो मान्यही करू. म्हणून पहिला प्रश्न विचारा : विद्यार्थी किती होते?

आणि फरक सिद्ध झाला तरी त्याचा अर्थ काय? त्या गटात परीक्षेला विद्यार्थ्यांचा पुढचा निकाल नीट ओळखता आला नाही, एवढाच. सहसंबंध कमी म्हणजे कुवत कमी, हे कुठल्या गणितात बसते? इथे नापास कोण झाले, विद्यार्थी की परीक्षा? शिवाय एखाद्या गटातले सगळे गुण अरुंद पट्ट्यात असतील, तर एवढ्यानेही गुणांक खाली येतो. म्हणून दुसरा प्रश्न : दोन्ही गटांत गुणांचा पसारा सारखा होता का?

गॉल्टन, पिअर्सन, फिशर हे या शास्त्राचे मोठे शिल्पकार. तिघेही सुप्रजननवादाचे समर्थक होते. म्हणून त्यांचे गणित टाकून द्यायचे का? मुळीच नाही. जातीला वंशाचा आधार देण्यासाठी नाकांची मापे घेतली गेली. १९४८ च्या 'दि अनटचेबल्स'मध्ये बाबासाहेबांनी तीच मापे हातात घेतली आणि ब्राह्मण व अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत, असे दाखवून दिले. हत्यार समोरच्याचे होते, निष्कर्ष बाबासाहेबांचा.

आम्हीही तेच करू. यापुढे कुणी गुणांक फेकला तर शिव्या देऊ नका, घोषणा देऊ नका. कागद-पेन काढा आणि त्याच्यासमोर हिशोब मांडा.

जय भीम!