पाठकोऱ्या कागदाची बाजू

धंदा सुरू करायचा म्हटलं की आपल्याकडे माणसाला पहिल्या आठवड्यातच दोन प्रकारचे शहाणे गाठतात. पहिला चष्मा वर सरकवून विचारतो, ''बिझनेस प्लॅन तयार आहे का? नाही? मग आटपलंच!'' दुसरा पाठीवर थाप मारून म्हणतो, ''प्लॅनबिन झूट आहे रे सगळं! उडी मार. पाण्यात पडलं की पोहता येतं.'' यातल्या पहिल्याचा धंदाच मुळी प्लॅन करून देण्याचा असतो, आणि दुसऱ्याला दर महिन्याच्या एक तारखेला पेन्शन मिळत असतं. उडी मारण्याचा सल्ला देणारा माणूस मी तरी कधी ओला झालेला पाहिला नाही.

मी या दोघांच्याही विरुद्ध आहे, हे आधीच सांगून टाकतो. छोट्या धंद्याला योजना हवी की नको? हवी. पण ती बँकेला देतात ती नव्हे. ती पाठकोऱ्या कागदावर मावली पाहिजे आणि धंदा करणाऱ्याच्या स्वतःच्या अक्षरात असली पाहिजे. अक्षर वाईट असलं तरी चालेल. उलट वाईटच असावं, म्हणजे ते दुसऱ्या कोणी लिहून दिलेलं नाही याची खात्री पटते.

हे सांगायचा मला अधिकार काय, असं कोणी विचारील. मी बँकेत क्लार्क आहे. हल्ली आम्हाला 'कस्टमर असोसिएट' म्हणतात, पण खुर्चीचा एक हात मोडलेला आहे तो आहेच. कर्ज मंजूर करणं माझ्या हातात नाही. अर्ज घ्यायचा, झेरॉक्स मोजायच्या, शिक्के मारायचे आणि कर्ज फिटेपर्यंत किंवा बुडेपर्यंत त्या माणसाचं तोंड काउंटरवर बघायचं, एवढंच माझ्याकडे येतं. मंजुरीची सही करणारे साहेब तीन वर्षांनी बदलून जातात. कर्जदार आणि मी मागे उरतो.

शिवाय मी बी. कॉम. आहे. आमच्या अकौंटन्सीच्या पुस्तकात अ, ब आणि क असे तीन भागीदार होते. ते नफा ५ : ३ : २ या प्रमाणात वाटून घेत. पानापानावर नवा भागीदार येई, जुना मरे, गुडविलचं मूल्यमापन होई. पण हे तिघे विकत काय होते, हे पुस्तकानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. गिऱ्हाईक नावाचा प्राणी तर त्या सातशे पानांत एकदाही दुकानाची पायरी चढला नाही. पुढे बँकेत लागल्यावर पहिला प्रोजेक्ट रिपोर्ट हातात आला तेव्हा मला एकदम गहिवरून आलं. अ, ब आणि क परत भेटले होते!

ज्यांनी असा रिपोर्ट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं वर्णन करतो. साठ पानं, स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक प्लॅस्टिक. पहिल्या पानावर 'बाजारपेठेचा वाव' असतो आणि तो थेट भारताच्या लोकसंख्येपासून सुरू होतो. देशात १४० कोटी माणसं, त्यातल्या अमुक टक्क्यांनी जरी आमचं लोणचं घेतलं तर... हे लोणचं विकायचं असतं चौकातल्या एका गाळ्यात, आणि शेजारच्या गाळ्यात आधीपासून लोणचंच असतं. पण त्या शेजाऱ्याचा उल्लेख साठ पानांत कुठे नसतो. १४० कोटींत तो बिचारा दिसत नाही.

पुढे क्षमतेचा वापर. पहिल्या वर्षी ६० टक्के, दुसऱ्या वर्षी ७०, तिसऱ्या वर्षी ८०. पिठाची गिरणी असो, जिम असो की लग्नपत्रिकांची छपाई, महाराष्ट्रातला प्रत्येक धंदा रिपोर्टात याच पावलांनी चालतो. प्रत्यक्षात पहिल्या महिन्यात नातेवाईक येतात, दुसऱ्यात त्यांचे शेजारी येतात आणि तिसऱ्या महिन्यात कोणीच येत नाही. हा तिसरा महिना मी कुठल्याही रिपोर्टात छापलेला पाहिलेला नाही. काउंटरवर मात्र तो दर आठवड्याला येतो.

हे रिपोर्ट एकाच साच्यातून निघतात, हे सांगायला नकोच. एका ब्यूटी पार्लरच्या रिपोर्टात मी स्वतः वाचलं आहे : 'लागणारा कच्चा माल परिसरातील शेतकऱ्यांकडून मुबलक उपलब्ध.' मूळ रिपोर्ट टोमॅटो सॉसचा असावा. पार्लरवाल्या बाईंना मी ते दाखवलं. त्या म्हणाल्या, ''अहो, मी नाही वाचलं. ते बँकेसाठी आहे ना!''

माझं सगळं भांडण या एका वाक्याशी आहे. ज्या कागदावर त्या बाईंची पाच वर्षं लिहिली होती, तो त्यांनी वाचला नव्हता. लिहिणाऱ्यानं शेवटून सुरुवात केली होती : हप्ता भागवण्याची ऐपत दीडपटीच्या वर दिसली पाहिजे, म्हणजे नफा एवढा, म्हणजे विक्री एवढी, म्हणजे रोज एवढ्या बायकांच्या भुवया! बँकेला खेळतं भांडवल ठरवायला विक्रीचा अंदाज लागतो हे खरं. वर्षाच्या अंदाजी विक्रीच्या २० टक्के, हा नायक समितीचा ठोकताळा आम्हाला पाठ असतो. म्हणून मग विक्री फुगवली की कर्ज फुगतं. बँकेचं समाधान होतं, फाइल बंद होते आणि भुवया कोण मोजणार हा प्रश्न पार्लरच्या दारात उभा राहतो.

आता दुसऱ्या शहाण्याकडे वळू. त्याच्याकडे उदाहरणांचा साठा असतो आणि त्यात लिज्जत पापड हमखास असतो. ''सात बायका, ऐंशी रुपये उसने, गिरगावातली गच्ची. कुठे होता प्लॅन?'' तारीखही पाठ असते : १५ मार्च १९५९.

अहो, पण जरा नीट बघा. माल कोणता, तर पापड, जो त्या बायकांना डोळे मिटून लाटता येत होता. भांडवल किती, तर ८० रुपये. जागा गच्चीवरची. पहिला माल किती, तर चार पाकिटं. गिऱ्हाईक कोण, तर भुलेश्वरचा एक व्यापारी. तोटा आला तर? कोणापुढे हात पसरायचा नाही, हे आधीच ठरलेलं. आणि ज्यांनी पैसे उसने दिले त्या छगनबापांनी बजावलं होतं की हिशेब चोख ठेवा आणि मालाचा दर्जा सोडू नका. याला योजना म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? ती टाइप केलेली नव्हती, इतकंच. आमच्या साठ पानांत यातली चार उत्तरं सापडली तर मी स्वखर्चानं बाइंडिंग करून देईन.

तेव्हा आता पाठकोरा कागद घ्या. किराणाच्या पावतीची मागची बाजूसुद्धा चालेल. समजा, पोळीभाजी केंद्र काढायचं आहे. आपल्याकडे दर चौथ्या घरात निदान एकदा तरी पोळीभाजी केंद्राचा विचार होतो, तोही बहुधा भाजी चांगली झाली त्या दिवशी.

गाळ्याचं भाडं १८,०००. मदतीला दोन बायका, २४,०००. वीज, पाणी, किरकोळ, ५,१००. पाच लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १०,९००. बेरीज ५८,०००. हे पैसे एकही पोळी विकली नाही तरी दर महिन्याला जाणार. आता एक पार्सल : तीन पोळ्या आणि भाजी, ८० रुपये. कणीक, तेल, भाजी, गॅस, डबा धरून ४५ गेले. उरले ३५. अठ्ठावन्न हजारांना पस्तीसनं भागा. महिन्याला १,६५७ पार्सलं होतात. आठवड्याची सुट्टी धरून २६ दिवस काम केलं तर रोज ६४.

म्हणजे रोजची पहिली ६४ पार्सलं घरमालकाची, त्या दोन बायकांची, वीज कंपनीची आणि माझ्या बँकेची. तुमची कमाई पासष्टाव्या पार्सलापासून. घरखर्चाला २९,००० हवे असतील तर रोज ९६ पार्सलं गेली पाहिजेत, म्हणजे २८८ पोळ्या. झाला प्लॅन. आता गाळ्यासमोर दोन दिवस दुपारी आणि संध्याकाळी नुसते उभे राहा आणि मोजा. या रस्त्यानं ९६ भुकेली माणसं जातात का? त्यांतली किती घरी डबा असलेली? शाळा सुटल्यावर गर्दी दिसते ती मुलांची असते, आणि त्यांना पोळीभाजी टाळायचीच असते!

याहून चांगली युक्ती म्हणजे गाळा घेण्याआधी महिनाभर घरच्या ओट्यावरून वीस डबे देऊन पाहणं. वीस डब्यांनी कणकेचा खरा खर्च कळतो, कंबर किती टिकते ते कळतं आणि 'पैसे उद्या देतो' म्हणणारे किती ते कळतं. हा शेवटचा आकडा सगळ्यांत मोलाचा. उधारी हा असा खर्च आहे की जो जमेच्या बाजूला बसून हसत असतो. छोट्या उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावेत, असा कायदा २००६ साली झाला आहे. चांगलाच कायदा आहे. पण ज्या कंपनीच्या कँटीनला तुम्ही डबे पुरवता तिच्या अकौंट्स खात्यात जाऊन कलम वाचून दाखवल्यावर पुढच्या महिन्याची ऑर्डर कोणाला जाते, तेही त्या कागदावर लिहून ठेवावं.

''पण प्रत्येक गोष्टीला कागद कशाला?'' असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. दिवाळीत शेजाऱ्यांना चकली विकायला योजना नको. ती खपली नाही तर घरात खाता येते. माझा नियम सोपा आहे. जे परत फिरवता येतं ते बेधडक करावं. जे फिरवता येत नाही, म्हणजे तीन वर्षांचा भाडेकरार, ऑर्डर देऊन बनवलेलं मशीन, सोडलेली नोकरी, मोडलेली ठेव आणि गहाण टाकलेलं सोनं, त्याच्या आधी कागद भरावा. जेवढं फिरवता येणार नाही तेवढा कागद मोठा.

कर्ज मिळणं हा काही धंदा चालेल याचा दाखला नाही, हेही बँकेतलाच माणूस म्हणून सांगतो. ८ एप्रिल २०१५ ला मुद्रा योजना आली. तिच्यात ५० हजारांपर्यंत शिशू, पाच लाखांपर्यंत किशोर, दहा लाखांपर्यंत तरुण, आणि २०२४ च्या अर्थसंकल्पात 'तरुण' कर्ज फेडलेल्यांसाठी २० लाखांची वाट मोकळी झाली. योजना उपयोगी आहे. सावकाराच्या दारातून कितीतरी माणसं तिनं बाहेर काढली. मात्र सरकारनं 'वृद्ध' अशी वर्गवारी केलेली नाही. हप्ते थकले की ती कर्जदार आपली आपण गाठतो. ९० दिवस उलटले की आमचा संगणक त्याला नवं नाव देतो, आणि मग ज्या माणसाला आम्ही 'या, बसा' म्हणत होतो त्याच्याशी उभ्यानं बोलू लागतो.

शेवटचा आक्षेप जबर आहे. ''मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागेल, हे कुठल्या प्लॅनमध्ये होतं?'' कुठल्याच नव्हतं. पण पाठकोऱ्या कागदाची शेवटची ओळ भविष्य सांगण्यासाठी नसतेच. त्या ओळीवर दोन आकडे लिहायचे असतात. गिऱ्हाईक आलं नाही तर घर किती महिने चालेल? आणि किती रुपये गेले की शटर ओढायचं?

हा दुसरा आकडा आपल्याकडे कोणी लिहीत नाही. तो अभद्र वाटतो. नारळ फोडायच्या आधी शटर ओढायची भाषा! पण नंतर तो आकडा कोणालाच सुचत नाही. धंदा बुडू लागला की माणसाला पुढचा महिना नेहमी बरा दिसतो. मग तो माझ्या काउंटरवर येतो आणि मुदतपूर्व ठेव मोडायचा फॉर्म मागतो. पन्नाशीचा माणूस, ग्रॅच्युइटीचे पैसे. मी विचारतो, ''कशासाठी?'' तो म्हणतो, ''तीन महिन्यांचं भाडं राहिलंय. सीझन आला की भरून काढतो.'' दोन महिन्यांनी सोनेतारणाचा अर्ज येतो. पाटल्या तराजूवर ठेवल्या जातात तेव्हा बरोबर आलेली बाई तराजूकडे बघत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघते. मी वजन लिहून घेतो. तो माणूस आळशी नसतो, लबाड तर नसतोच. त्यानं साठ पानांवर सह्या केलेल्या असतात आणि थांबायचं कुठे हे त्यातल्या एकाही पानावर लिहिलेलं नसतं.

म्हणून माझी एवढीच मागणी आहे. बँकेसाठी हवा तर साठ पानांचा रिपोर्ट करा. तो आम्हाला लागतो, त्याशिवाय आमच्या फाइलला जाडी येत नाही. पण त्याआधी तो पाठकोरा कागद भरा आणि घरात जिच्या पाटल्या आहेत तिला मोठ्यानं वाचून दाखवा. तिच्याइतकी कडक क्रेडिट कमिटी कुठल्याही बँकेत नाही. ती पहिला प्रश्न विचारील, ''रोज शहाण्णव पार्सलं घेणार कोण?'' आणि दुसरा, ''पोळ्या कोण लाटणार?''

दोन्हींची उत्तरं देता आली तर खुशाल बँकेत या. झेरॉक्स तीन प्रतींत आणा. खुर्ची मोडकी आहे, जरा जपून बसा.