फुटलेली बातमी आणि तिची पारख

बातमी ‘फुटली’ म्हटली कीं ती खरीच असली पाहिजे, असा समज आपल्या सुशिक्षित कुटुंबांत दृढ होत चालला आहे. आणि संबंधितांनीं ती नाकारली म्हणजे ती खोटीच ठरली, असें मानणारा दुसरा पंथही तितकाच बलवत्तर आहे. आमच्या मतें हीं दोन्हीं एकाच आळसाचीं लेंकरें होत. पुढ्यांतला माल उलटून पाहण्याचे कष्ट दोघांसही नकोत.

ट्रॉम्बे येथील गोष्ट घ्या. 1998 च्या मे महिन्यांत पोखरणचे अणुस्फोट झाले, आणि जूनच्या आरंभींच ‘मिल्वर्म’ या नांवानें वावरणाऱ्या, निरनिराळ्या देशांतील कांहीं पोरांनीं भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत शिरकाव केला. केंद्राच्या संकेतस्थळावर त्यांनीं अणुस्फोटाच्या ढगाचें चित्र लटकविलें व शास्त्रज्ञांचा पत्रव्यवहार पळविल्याचें जाहीर केलें. केंद्रानें प्रथम इन्कार केला. मागाहून पत्रें गेल्याचें अधिकाऱ्यांनीं मान्य केलें. इन्कारावर विसंबणारे तोंडघशीं पडले. पण म्हणून घुसखोरांचा शब्द प्रमाण मानावा काय? त्याच मे महिन्यांत अमेरिकेंतील ‘न्यू रिपब्लिक’ या प्रतिष्ठित पत्रांत स्टीफन ग्लास यांनीं अशाच एका पोराची कथा छापली होती. एका कंपनीच्या संगणकांत शिरलेला हा बहाद्दर म्हणे मोटार मागतो, चित्रकथांचे अंक मागतो, आणि कंपनी त्याची मनधरणी करते! ‘फोर्ब्स’चे ॲडम पेनेनबर्ग यांनीं साधी चौकशी केली, तों ना पोराचा पत्ता ना कंपनीचा. ह्याच पेनेनबर्गांनीं त्या वर्षाच्या अखेरीस ट्रॉम्बेच्या घुसखोरीवर सविस्तर लेख लिहिला. ती मात्र चौकशीला उतरली होती.

खेळांच्या बाबतींत हाच प्रकार. प्रसिद्धीपूर्वीच ‘फुटलेलीं’ चित्रें हल्लीं मुलांच्या हातोहात फिरतात. 18 सप्टेंबर 2022 रोजीं ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ मालिकेंतील सहाव्या खेळाच्या नव्वदएक चित्रफिती चोरून बाहेर आल्या. कित्येकांनीं नाकें मुरडलीं: आकृती ओबडधोबड, पडद्यावर भलतेच आंकडे, एवढी मोठी कंपनी असलें काम करील काय? दुसऱ्याच दिवशीं ‘रॉकस्टार’ कंपनीनें चोरी झाल्याचें कबूल केलें. जो ओबडधोबडपणा त्यांस संशयास्पद वाटला, तोच खरेपणाचा साक्षीदार होता. बांधकाम चालू असलेल्या घराला परांची असावयाचीच. रंगसफेदी करून आणतो तो नकली माल विकणारा, कारण त्याला गिऱ्हाईक भुलवावयाचें असतें. आतां परांचीचीही नक्कल करतां येते, हें खरें. यंत्राकडून एखादें चित्र आज क्षणांत काढवितां येतें. परंतु एकमेकांशीं रस्त्यारस्त्यानें, पात्रापात्रानें जुळणाऱ्या नव्वद चित्रफिती रचणें निराळें. एकुलत्या एका चित्रावर, तेंही उगम न सांगतां दिलेल्या, विश्वास टाकणाऱ्यांची आम्हांस कींव येते.

खेळाच्या बातमींत फसल्यास मुलाचा फार तर विरस होईल. पण तीच संवय घेऊन उद्यां तो चेंबूर-मानखुर्दच्या एखाद्या घरांत, ट्रॉम्बेच्या अणुभट्टींतून किरणोत्सर्ग होत असल्याचा ‘फुटलेला गुप्त अहवाल’ वाचील, आणि म्हातारींकोतारीं, तान्हीं मुलें घेऊन रातोरात घर सोडावें कीं नाहीं हें त्याला ठरवावें लागेल. त्या वेळीं केंद्राचा इन्कार पुरेसा नाहीं आणि अहवालावरील ‘गोपनीय’ हा शिक्काही पुरेसा नाहीं. अहवालांत भट्टीचें नांव आहे काय, तारीख आहे काय, मोजमाप कोठें व कोणत्या परिमाणांत केलें तें दिलें आहे काय, हें त्यानें पाहावें. धडधडत्या ‘सायरस’चें नांव त्यांत आढळलें, तर ती भट्टी 2010 च्या अखेरीसच कायमची बंद झाली आहे.