डावखुऱ्यांचे वर्तुळ: हात नको, दिशा बदला

डावखुऱ्या मुलाचे वर्तुळ वाकडे येते म्हणून तुम्ही त्याला पेन्सिल उजव्या हातात धरायला लावत असाल, तर कृपया थांबा. माझ्या मते दोष हाताचा नसतो, शिकवण्याचा असतो.

साधारण दहांपैकी एक जण डावखुरा असतो. हा आजार नाही आणि वाईट सवयही नाही. सचिन तेंडुलकर फलंदाजी उजव्या हाताने करायचा, पण लिहितो डाव्या हाताने.

मग अडचण कुठे येते? उजव्या हाताने लिहिणारे बहुधा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वर्तुळ काढतात. शाळेत तेच गिरवून घेतात. डावा हात म्हणजे उजव्याचे आरशातले प्रतिबिंब. त्यामुळे अनेक डावखुऱ्यांना काट्यांच्या दिशेने हात फिरवणे सोपे जाते. उलट फिरवायला लावले की पेन्सिल अडखळते.

घरी हे करून पाहा:

१. दोन्ही दिशांनी वर्तुळ काढू द्या. जी सोपी वाटेल ती ठेवा.

२. कागद थोडा उजवीकडे तिरका ठेवा, म्हणजे मनगट वाकडे करावे लागत नाही.

३. मोठे वर्तुळ बोटांनी नव्हे, खांद्यापासून हात फिरवून काढा. बोटे आणि मनगट थोडेच फिरतात, म्हणून रेषा मध्येच तुटते.

४. पेन्सिल घट्ट आवळू नका. आधी हवेत दोन-तीन फेऱ्या मारा, मग त्याच लयीत कागदावर टेकवा.

साधारण तीन वर्षांचे मूल वर्तुळ पाहून काढू लागते. ते वेडेवाकडे असणारच. काळजी करू नका.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे? बाळ पहिल्या वाढदिवसाआधीच एकच हात वापरत असेल आणि दुसरा फारसा हलवत नसेल, तर दाखवून घ्या. तेव्हा प्रश्न डावखुरेपणाचा नसून दुसऱ्या हाताच्या अशक्तपणाचा असू शकतो. मोठ्या माणसाची पूर्वी सरळ येणारी रेषा आता थरथरत असेल, तरीही तपासणी करावी. कंप पाहण्यासाठी आम्ही रुग्णाला कागदावर चकलीसारखी वेटोळी काढायला सांगतो, ती याचसाठी. हात अचानक लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठा.

एरवी वर्तुळ कोणत्या बाजूने सुरू झाले याला काही महत्त्व नाही. रांगोळी असो वा शून्य, ते मुलाला न घाबरता काढता आले पाहिजे.