शस्त्रक्रियेआधी पावडरचा डबा की साखरेचा ताबा?

गुडघ्याची किंवा हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली की घरात आधी प्रोटीन पावडरचा डबा येतो. ‘ताकद यायला हवी ना, डॉक्टर!’ भावना चांगली आहे. पण ‘गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, किती?’ असं विचारलं की अनेकदा उत्तर नसतं. माझ्या मते इथे क्रम चुकतो.

शस्त्रक्रियेच्या ताणाने कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनलिन ही संप्रेरकं वाढतात, इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि साखर चढते. मधुमेह नसलेल्यांचीही काही काळ चढू शकते. साखर चढलेलीच राहिली तर पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढू शकत नाहीत. जखमेत पू होण्याचा धोका वाढतो, ती भरायला वेळ लागतो. म्हणून रुग्णालयात साखर साधारण १४० ते १८० दरम्यान ठेवण्याचा प्रयत्न असतो.

मग पोषण नको का? हवंच. ज्यांचं वजन घटलं आहे, जेवण जात नाही, त्यांना पूरक आहाराचा खरा उपयोग होतो. नीट जेवणाऱ्या माणसाला मात्र डाळ, उसळ, दही, अंडी, मासे बहुधा पुरतात. काही पावडरींत साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असतं. डब्यावरचं लेबल वाचा.

माशाच्या तेलाच्या, लसणाच्या आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. कारलं-मेथीच्या पावडरीने उपाशीपोटी साखर खाली येऊ शकते. ‘ते काय, घरगुतीच आहे’ म्हणून लपवू नका. भूलतज्ज्ञांना सगळं सांगा. डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्या तर सहसा तीन दिवस आधीच थांबवाव्या लागतात. कोणती गोळी कधी थांबवायची, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

एचबीए१सी ८ च्या वर असेल आणि शस्त्रक्रिया थांबण्यासारखी असेल, तर काही आठवडे थांबून साखर आटोक्यात आणणं शहाणपणाचं. अपेंडिक्ससारख्या तातडीच्या वेळी थांबता येत नाही. तिथे इन्सुलिन देऊन सांभाळावं लागतं. ‘एकदा सुरू झालं की कायमचं’ ही भीती नको. पुष्कळदा ते तात्पुरतंच असतं.

आणि भेटायला येणाऱ्यांनो, मधुमेही रुग्णासाठी मोसंबीचा रस आणि ग्लुकोजचं पाणी आणू नका. आज त्याची साखर किती आली, एवढं जरूर विचारा.